एकावन्न ग्रॅम

कुंडी उलटी केली तशी कोरफड अलगद हातात आली; मुळं मात्र मातीतच राहिली. बुंध्याला बोट लावलं तर तो पिकल्या केळ्यासारखा दबला, आणि असा काही वास सुटला की काटेवाल्यांनी मान फिरवली.

वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती, म्हणून सगळे त्यांना काटेवालेच म्हणत. बायको जाऊन चार महिने झाले होते. कोरफड तिची. ती असताना ह्यांनी त्या कुंडीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ती गेल्यावर मात्र रोज सकाळी न चुकता तांब्याभर पाणी. पानं पिवळी पडू लागली, तसं त्यांनी संध्याकाळीही पाणी घालायला सुरुवात केली.

सून म्हणाली, जाऊ द्या बाबा, दुसरी आणू. त्यांनी कोरफड वर्तमानपत्रात गुंडाळली आणि थेट रोपवाटिका गाठली.

माळ्याने ती उलटसुलट करून पाहिली, पाणी किती घालत होता ते विचारलं. काटेवाल्यांनी खरं ते सांगून टाकलं.

"काका, अति तिथे माती म्हणतात. तुम्ही तर मातीचाही चिखल केलात," माळी म्हणाला. मग त्याने कुजका भाग कापत कापत आत स्वच्छ हिरवा गर लागेपर्यंत सुरी चालवली. "आता ही सावलीत नुसती ठेवा. माती नको, पाणी नको. काही म्हणजे काही करू नका."

किती दिवस, असं त्यांनी विचारलं. ते तिचं तिला ठरवू द्या, असं म्हणून माळी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

काही न करणं काटेवाल्यांच्या स्वभावातच नव्हतं. बायकोच्या शेवटच्या आठवड्यात ते चमचा घेऊन तिच्या उशाशी बसून होते. नर्सने बजावलं होतं, त्या मागतील तेव्हाच ओठ ओले करा. पण हे दर पंधरा मिनिटांनी चमचा पुढे करत. शेवटच्या दुपारी तिने ओठ घट्ट मिटले आणि तोंड भिंतीकडे वळवलं. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. जेवताना आठवली की ते ताट बाजूला सारत.

त्यांनी कोरफड आपल्या कामाच्या टेबलावर, काट्याच्या पारड्यात ठेवली. चारशे बारा ग्रॅम भरली. तिसऱ्या दिवशी कापलेल्या जागी खरचटलेल्या गुडघ्यावर धरते तशी खपली धरली. वजन मात्र रोज दोन ग्रॅम तरी उतरायचंच. पानं आक्रसली, त्यांच्या कडा आत वळल्या. दोनदा त्यांनी तांब्या उचलला आणि परत जागेवर ठेवला. ऑफिसला निघताना सूनही आता डोकावून विचारू लागली होती, आज किती?

सव्विसाव्या सकाळी काट्याने तीनशे एकसष्ट दाखवलं. पारडं पुसायला म्हणून त्यांनी कोरफड उचलली, तर खपलीच्या कडेला पेन्सिलीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. त्यांनी भिंग लावलं. ठिपका नव्हता तो. मूळ होतं.

त्यांनी सुनेला हाक मारली, पण आवाज आपोआप खाली आला, झोपलेल्या तान्ह्या बाळाजवळ बोलावं तसा. ती आली आणि तिने भिंगातून पाहिलं. खाली माती नाही, पाण्याचा थेंब नाही. आपल्याच पानांतली ओल थोडी थोडी खाली धाडून ते झाड इथवर आलं होतं. वाढलेलं ते काट्यावर दिसतं, ह्याच एका भरवशावर काटेवाल्यांचा जन्म गेला होता. आणि इथे वजन एकावन्न ग्रॅमने उतरलं होतं, आणि एक नवी गोष्ट जगात आली होती. त्यांच्या अंगावर काटा आला.

कोरफड पारड्यात परत ठेवत ते म्हणाले, "तिला पाणी नकोच होतं गं. मी आपला पाजतच राहिलो."

ते कोरफडीबद्दल बोलत नाहीत, हे सुनेला थोड्या वेळाने उमगलं. ती स्टुलावर बसली.

"बाबा, आईंनी मला सांगितलं होतं. ह्यांना म्हणावं, चमचा ठेवा आणि नुसते बसा माझ्याजवळ." तिने भिंग टेबलावर ठेवलं. "मीच सांगितलं नाही तुम्हाला. तुमच्या हातातला चमचा काढून घेववेना."

काटेवाल्यांनी मान हलवली. किती तरी वेळ ते मान हलवतच राहिले.

रविवारी दोघांनी मिळून वाळू मिसळलेल्या कोरड्या मातीत कोरफड लावली. आठ दिवस पाणी द्यायचं नाही, हे काटेवाल्यांनीच सुनेला बजावलं. मग ती आत गेली. काटेवाल्यांनी खुर्ची ओढून कुंडीशेजारी घेतली आणि ते बसून राहिले, दोन्ही रिकामे हात मांडीवर ठेवून.