सुमतीची मोठी अक्षरं

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मधुसूदन सीताबर्डीवर, लॅपटॉप कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या बाकावर बसला होता. त्याची बायको सुमती गेली होती. समोर काउंटरवर तिचा लॅपटॉप उघडा होता आणि त्यात विंडोज चढत होतं.

त्याला इथे तिनेच पाठवलं होतं. साखरेनं तिची नजर गेल्यातच जमा होती. मोबाइलवर तिला माणूस ओळखू येत नसे. जन्मभर शाळेत कॉम्प्युटर शिकवलेली बाई. लॅपटॉपवरचं विंडोज काढून तिनं स्वतः लिनक्स टाकून अक्षरं बोटाएवढी करून घेतली होती. त्याच पडद्यावर तिला नातवाचं तोंड पाहायचं होतं. लेक वेदिका कॅनडात, बाळ नुकतंच झालेलं. आणि नेमकं वायफाय बंद पडलं.

तक्रार केली की कंपनीचं एकच उत्तर यायचं, लिनक्सला आमचा सपोर्ट नाही.

"अहो, त्याले सांगजा," सकाळी ती दवाखान्यातल्या खाटेवरून म्हणाली होती, "मशीनले वायफायचं कार्डच दिसून नाही राहिलं. लिनक्सचा काही संबंध नाही. कार्ड मेलं आहे."

त्यानं तसंच सांगितलं. काउंटरवरच्या मोहितनं ऐकून घेतलं. आधी विंडोज टाकावं लागेल, त्याशिवाय कंपनी तक्रारच घेत नाही, म्हणाला. मधुसूदननं बराच वेळ हुज्जत घातली. मग थकून 'टाक' म्हणाला.

फोन खिशात ठेवून तो उठला, तेव्हा मोहितनं मान वर केली.

"काका, विंडोजमध्येही नाही चालून राहिलं. कार्डच गेलं तुमचं."

मधुसूदन लॅपटॉप काखेत मारून दवाखान्यात गेला.

तेरवी आटोपल्यावर कंपनीचा मेसेज आला, नवं कार्ड आलं आहे. तो लॅपटॉप घेऊन सेंटरवर गेला. वॉरंटी सुमतीच्या नावावर, तेव्हा सही तिचीच लागणार होती. मॅडम केव्हा येऊ शकतील, मोहितनं विचारलं.

"तिले विंडोज चालत नाही गा," मधुसूदन म्हणाला आणि लॅपटॉप उचलून बाहेर पडला.

कार्ड तिथेच पडून आहे. लॅपटॉपवरची अक्षरं आता बारीक आहेत. वेदिका रोज मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावते. तो कॅमेरा बंद ठेवून, फोन टेबलावर पालथा ठेवून बोलतो. नातू त्यानं अजून पाहिलेला नाही.