कुंडलिकचे पाय

आदल्या दिवशीच कुंडलिक गिरणीतल्या आपल्या मुकादमाला, जॉबर आबासाहेबांना, तोंडावर सांगून आला होता, "उद्यापास्नं मी न्हाय येनार." झालं! आता सायकलची शर्यत जिंकली तर मल्लय्या शेठच्या सायकल दुकानाचा पगारी स्वार, पुण्या-मुंबईच्या शर्यतींना रेल्वेनं जाणं. हरला तर घरात बसून बायकोची, यशोदाची, बोलणी खाणं. शर्यतीच्या दिवशी उजाडल्यापासून त्याच्या जिवाला थारा नव्हता. चाकातली हवा त्यानं पाचदा दाबून बघितली.

"दाबून दाबून टायर फोडशील की!" शेठ वैतागले.

सोलापूर ते अक्कलकोट आणि परत. तेवीस जण सुटले. जाताना कुंडलिकचं सगळं लक्ष मागं, नंदू कुठं आहे? नंदू हा दुसऱ्या दुकानाचा स्वार. गडी लोखंडाचा, आणि वर शिट्टी वाजवत सायकल हाणायचा. ती शिट्टी ऐकली की कुंडलिकच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. अक्कलकोटात लोकांनी मराठी-कानडीत एकच गिल्ला केला, कुणी पाण्याचा तांब्या पुढं धरला. नंदू थांबून पोटभर प्याला. हा पठ्ठ्या घोटभर पाण्यालाही थांबला नाही, वळसा घालून तसाच परत फिरला.

परतीच्या वाटेवर शिट्टी ऐकू येईना. मागं वळून बघितलं तर रस्ता मोकळा. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता, ह्याची धास्ती उलट वाढली. पंक्चर झालं तर? साखळी निसटली तर? तहानेनं जीभ टाळ्याला चिकटली होती, उन्हानं डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. मान खाली घालून तो आपला पायडल मारत राहिला.

सोलापुरात शिरला, शर्यत संपायचं मैदान अर्ध्या मैलावर राहिलं, आणि गिरणीचा भोंगा झाला.

अकरा वर्षं हा माणूस दुपारच्या सुट्टीत सायकलवरून घरी जेवायला जात होता, आणि ह्याच भोंग्याला हातातला घास टाकून माघारी पळत होता. भोंगा थांबायच्या आत फाटक गाठायचं, नाहीतर अर्ध्या दिवसाचा खाडा. अहो, एवढा वेग त्याच्या पायांत आला होता कुठून? तिथूनच की!

चौकात मैदानासाठी उजवीकडं वळायचं होतं. कुंडलिकनं दातओठ खाऊन जोर केला, आणि डावीकडं वळला. एवढा जोर त्यानं दिवसभरात केला नव्हता. लोक बोंबलत होते, "आरं, तिकडं कुटं? हिकडं ये!" त्याला वाटलं, आपलाच जयजयकार चाललाय.

ब्रेक दाबला तेव्हा समोर गिरणीचं लोखंडी फाटक होतं, आणि फाटकात आबासाहेब.

"आलास व्हय!" आबासाहेब हसले. "चल आत. तुजा माग अजून रिकामाच हाय."

मैदानाकडून ताशांचा कडकडाट सुरू झाला. नंदू पोचला होता. कुंडलिक सायकलवरून उतरला आणि भर रस्त्यात ढसाढसा रडला. शर्यत गेली म्हणून रडला, हे तर खरंच. पण जीव जळत होता तो भलत्याच गोष्टीनं. फाटक अजून उघडं आहे हे दिसलं, तेव्हा सगळ्यात आधी त्याला, खाडा टळला म्हणून, हायसं वाटलं होतं.