कंबोडीचा मोहोर

संयोगिताने फांदी खाली ओढून धरली आणि भार्गवी भिंगातून मोहोर पाहू लागली. भार्गवी कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात शिकवत असे. सुट्टीत मामाच्या गावी आली की तिला कुणाच्या ना कुणाच्या रानातून बोलावणं येई. आज संयोगिताने तिला चहासुद्धा घेऊ दिला नव्हता. गेल्या वर्षी हे झाड पहिल्यांदा मोहोरलं तेव्हा ती गावभर सांगत सुटली होती, आणि पंधरवड्यात सगळा मोहोर गळून बुंध्याशी पडला होता.

झाड रांबुतानचं होतं, लिचीसारख्या पण केसाळ सालीच्या फळाचं. सहा वर्षांपूर्वी संयोगिताचा नवरा मानसिंग शांतिसेनेतून कंबोडियाला गेला होता. परतताना त्याने ओल्या कापसात गुंडाळून तिथल्या फळाच्या थोड्या बिया आणल्या. बऱ्याचशा कुजल्या, दोन उगवल्या. एक रोप पाटणजवळच्या त्यांच्या उसाच्या रानात, विहिरीकडेच्या आंब्याच्या सावलीत लागलं. दुसरं त्याच्या थोरल्या बहिणीने, मनुबाईंनी, कोयनानगरला आपल्या परसात नेलं. फळाचं नाव गावाच्या जिभेवर बसेना, म्हणून लोक झाडाला कंबोडी म्हणू लागले.

"फुलं मादी आहेत," भार्गवी म्हणाली. "यांत कामाचे पराग नाहीत. बियांपासून आलेल्या झाडांत काही नर निघतात, काही मादी. जवळपास नर झाड नसेल तर मोहोर असाच गळणार."

"नर झाडाला मोहोर येतो?"

"भरपूर येतो. फळ मात्र धरत नाही."

संयोगिताच्या हातून फांदी सुटली. मनुबाईंचं झाड तीन वर्षं गच्च मोहोरत होतं आणि त्याला एकदाही फळ धरलं नव्हतं.

हाताची माती न धुता ती तशीच फाट्यावरच्या एसटीडी बूथवर गेली. मनुबाईंच्या शेजारी फोन होता. त्यांना बोलावून आणेपर्यंत ती रिसीव्हर कानाला लावून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली, आणि नणंद फोनवर आल्यावर मोहोर, भिंग, पराग असं सगळं एका दमात बोलून गेली. मनुबाईंनी ते ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं,

"म्हंजी माझं झाड वांझ न्हाई?"

"न्हाई, वन्सं. बाप्या हाय त्यो."

पलीकडून मनुबाई अशा हसल्या की बूथवाल्यानेही मान वर केली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या एसटीने त्या निघाल्या. उमललेला मोहोर ओल्या फडक्यात, फडकं डब्यात आणि डबा मांडीवर. वाटेत गाडी थांबली तशी त्यांनी कंडक्टरला दोनदा कारण विचारलं आणि तिसऱ्यांदा त्यानेच त्यांना डब्यात काय आहे ते विचारलं. पाटणला मानसिंग मोटरसायकल घेऊन उभाच होता. आक्का मागे बसल्यावर तो खड्डे चुकवत इतका सावकाश निघाला की त्यांनीच त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला पळव म्हणून सांगितलं.

भार्गवीने एकदा करून दाखवलं. नराचं फूल मादीच्या फुलावर हलकेच टेकवायचं, किंवा पिसाला पराग लावून ते फिरवायचं. मग मनुबाई बाजेवर चढल्या, संयोगिता शिडीवर, आणि दोघी समोरासमोर एकेका झुबक्याला लागल्या. मानसिंग शिडी धरून उभा होता आणि कुठला झुबका राहिला ते खालून दाखवत होता. चूल पेटली नाही ही गोष्ट दुपार कलल्यावर कुणाच्या तरी लक्षात आली. मनुबाईंच्या केसांत, भुवयांत पराग होता. परतीची गाडी चुकली म्हणून त्यांनी हळहळ केली नाही. रात्री जेवताना भावजयीशी पहिल्यांदाच इतकं बोलल्या.

मोहोर गळला, पण या वेळी देठांवर हिरवे मणी राहिले. संयोगिता सकाळ-संध्याकाळ झाडाखाली असे. निम्मे मणी उन्हाळ्यात झडले, तेव्हा तिला जेवण गेलं नाही. उरलेल्यांवर केस फुटले. वटवाघळं येतील म्हणून मानसिंगने आपली फौजेतली मच्छरदाणी फाडून झुबक्यांना बांधली. प्रत्येक बातमी फोनवरून कोयनानगरला जाई, आणि मनुबाई केवढं झालं, रंग कसा आहे, असं खोदून खोदून विचारत.

आषाढात फळं लालबुंद झाली. मनुबाई आल्याशिवाय पहिलं फळ तोडायचं नाही, असं संयोगिताने ठरवलं होतं. त्या आल्या, ओसरीवर बसल्या. मानसिंगने साल नखाने चिरून दोन भाग केले आणि आतला पांढरा गोळा बहिणीपुढे धरला. मनुबाईंनी तो तोंडात टाकून डोळे मिटले. संयोगिता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आंबटगोड हाय," त्या म्हणाल्या. "गर बियेपासनं सुटत न्हाई. पर लय चांगलं हाय गं."

मग तिघांनी खाल्लं. शेजारची पोरं आली, त्यांनाही एकेक मिळालं. पुढच्या वर्षी सगळ्या मोहोरावर हात फिरवायचा, टोपलीभर फळं काढायची आणि पहिली भार्गवीबाईंना पाठवायची, असं संयोगिता भराभर बोलत होती. फेब्रुवारी सरता सरता फोन करीन, तुम्ही आधीच येऊन राहा, असंही तिने नणंदेला बजावलं.

मनुबाई तोंडातली बी जिभेने फिरवत होत्या.

"झाड न्हाई आता," त्या म्हणाल्या. "मे महिन्यातच काढलं. माझ्या बाळासोचं लगीन ठरलं, खोली वाढवायची हुती. पाया तिथनंच गेला."

पोरं अंगणात सालं उडवत होती.

"मग सांगितलं का न्हाई, वन्सं?"

"तवा तुजी फळं हरभऱ्याएवढी हुती. रोज फोन करायचीस. कसं सांगू?"

संयोगिता उठली. तिने आधी पोरांच्या तोंडातल्या बिया ओंजळीत थुंकायला लावल्या, मग मानसिंगपुढे हात केला. झाडावरची उरलेली फळं आता कुणाला द्यायची नाहीत, बियांना ठेवायची, असं तिने त्याला सांगितलं.

"परत सा वर्सं?" तो म्हणाला.

"मग? यात एक तरी बाप्या निघंलच की."

मानसिंग शेणखत आणि रोपांच्या पिशव्या आणायला गोठ्याकडे गेला. मनुबाईंनी चारच्या गाडीसाठी भरलेली पिशवी खुंटीला अडकवली. तोंडातली बी त्यांनी काढली, पदराने पुसून भावजयीच्या ओंजळीत टाकली आणि पदर खोचून माती चाळायला बसल्या.

"एका पिशवीत एकच लाव गं," त्या म्हणाल्या. "दाटी नगो."