दुपारचा चंद्रोदय

त्या रविवारी सकाळी प्रकाशने इन्शुलिन घेतलं आणि नाश्ता केला नाही. इंजेक्शनच्या वेळी बायको समोर उभी होती. दोन वर्षांपूर्वी तो हॉस्पिटलमधून घरी आल्यापासून शैलाचा तो नेमच होता. नाश्त्याच्या वेळी मात्र ती आंघोळीला गेली. प्रकाशने ओट्सचा बाऊल कचरा खाली सोडायच्या भिंतीतल्या शूटमध्ये उपडा केला, विसळून ठेवला आणि बुटांच्या नाड्या बांधायला बसला.

२००८ चा नोव्हेंबर होता. शाळेला सुट्टी लागली होती आणि चौदा वर्षांच्या गार्गीने महिनाभर एकच धोशा लावला होता : पुलाऊ उबिनला जायचं, सायकली घेऊन. उबिन हे सिंगापूरच्या ईशान्येचं छोटं बेट. टॅम्पिनीसच्या त्यांच्या फ्लॅटपासून बसने चांगी, तिथून लाकडी मोटरबोट. बेटावर माउंटन बाइक भाड्याने मिळतात. पूर्व टोकाला चेक जावा आहे. खारफुटी, दलदल, ओहोटीला उघडा पडणारा समुद्रतळ, सगळं राखीव.

धक्क्याशेजारच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सपैकी एकावर, गार्गीने पराठ्यासारखा प्राटा मागवला.

"बाबा, तुला?"

"त्याने ओट्स खाल्लेत," शैला म्हणाली. प्रकाश बोटींकडे बघत राहिला.

पहिल्या चढावर तो मजेत होता. रॅफल्स प्लेसच्या बँकेतल्या खुर्चीने आपले गुडघे गंजवले, असं ओरडून सांगत होता. पावसाने वाट चिखलाची झाली होती. लाल मातीत खडी वर आली होती, उतारावर मागचं चाक घसरत होतं. दुसऱ्या चढानंतर त्याचं बोलणं थांबलं.

"बाबा, सो स्लो लाह!" गार्गी वळून ओरडली. "ती वॉटर मॉनिटरपण तुझ्यापेक्षा फास्ट आहे!"

घोरपडीएवढा तो प्राणी वाट ओलांडून गवतात शिरला. प्रकाश हसला नाही. पुढे वाट डावीकडे वळत होती. तो वळलाच नाही. ब्रेक न लावता सरळ गेला, उतारावरून खाली उतरला आणि खारफुटीच्या मुळांमध्ये सायकलसकट आडवा झाला.

शैला पोचली तेव्हा तो चिखलात बसला होता. शर्ट घामाने निथळत होता, ओठ पांढरे पडले होते.

"लागलं का रे?"

"हात लावू नकोस मला," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. बावीस वर्षांच्या संसारात तो या आवाजात तिच्याशी बोलला नव्हता.

तिला लगेच कळलं. डॉक्टरांनी ही लक्षणं तिच्याकडून पाठ करून घेतली होती : घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणं. साखर उतरली की आधी माणूस बदलतो, मग शुद्ध जाते, मग उशीर होतो. लगेच गोड द्या. पण ओट्स खाल्ल्यावर साखर उतरेलच कशी? हा विचार तिने बाजूला सारला आणि सॅक उपडी केली.

काकडी. भाजलेले शेंगदाणे. बिनसाखरेची बिस्किटं. डाएट कोलाचे तीन कॅन.

दोन वर्षांत तिने घरातून साखर हद्दपार केली होती. गूळ नाही, मध नाही, जॅम नाही. प्रकाशच्या खिशात असाव्यात म्हणून डॉक्टरांनी पेपरमिंटच्या गोळ्या सांगितल्या होत्या. तो त्या टीव्ही बघता बघता फस्त करतो हे लक्षात आल्यावर गेल्या महिन्यात तिने पाकीट फेकून दिलं होतं. दुसरं आणलं नव्हतं.

"गार्गी, गोळी, चॉकलेट, काही आहे तुझ्याकडे?"

"मम्मी, तूच तर घेऊ देत नाहीस!" गार्गी रडवेली झाली. "व्हॉट्स हॅपनिंग टू हिम?"

शैलाने फोन काढला. समोरच्या खाडीपलीकडे जोहोर होतं. फोनने मलेशियाचं नेटवर्क पकडलं होतं आणि पडद्यावर स्वागताचा संदेश होता. तिने अॅम्ब्युलन्सचा ९९५ लावला. फोन लागला नाही. पुन्हा लावला. लागला नाही.

"मागे ते पत्र्याचं घर लागलं होतं, बाहेर शहाळी मांडलेली. तिथे जा. साखर, सरबत, काहीही गोड आण. डाएट नको. आणि त्यांना सांग फोन करायला. जा!"

गार्गी उभ्यानेच पेडल मारत गेली. चिखल तिच्या पाठीपर्यंत उडाला.

शैलाने प्रकाशला काखेत धरून मुळांमधून ओढायचा प्रयत्न केला. तिचे चपलेसारखे घसरणारे बूट चिखलात रुतले. तो जड होता आणि तिला ढकलत होता. भरती चढत होती. मघा कोरडी असलेली मुळं आता पाण्यात होती. तिने हाका मारल्या. रविवारी इथे माणसांची वर्दळ असते म्हणतात. कुणीही आलं नाही. ती त्याला बोलतं ठेवू लागली.

"तुझं नाव सांग. प्रकाश, नाव सांग तुझं."

त्याने डोळे अर्धवट उघडले. "चंद्र आला का?"

"काय?"

"चंद्र. आई थांबलीये."

शैलाचे हात थांबले. आज संकष्टी होती. प्रकाशची आई सांगलीत चाळीस वर्षं मुलासाठी संकष्टी करत आली होती. चंद्रोदयापर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायची नाही. गेल्या जूनमध्ये ती गेली. दिवस झाल्यावर प्रकाशने एकदाच विषय काढला होता, की आईची संकष्टी आता मी धरतो. शैला म्हणाली होती, या घरात इन्शुलिन घेणारा माणूस उपास करणार नाही. विषय तिथेच संपला, असं तिने गृहीत धरलं होतं.

म्हणजे ओट्स पोटात गेलेच नव्हते. आणि इंजेक्शन तिने स्वतः समोर उभं राहून घ्यायला लावलं होतं.

त्याची मान कलू लागली. तिने गालावर चापट मारली, मग जोरात मारली. डोळे उघडले, पण त्यांत ती नव्हती.

ब्रेकचा कर्कश आवाज आला. गार्गी उतारावरून घसरत खाली आली. गुडघा फुटला होता. टीशर्टमध्ये शेवंतीच्या फुलांच्या तयार गार चहाची, नळीने प्यायची पाकिटं होती, गोडमिट्ट.

"त्या घरातली आंटी रेंजरला फोन करतेय. व्हॅन येतेय."

शैलाने नळी त्याच्या ओठांना लावली. प्रकाशने दात घट्ट आवळले आणि मान फिरवली.

"चंद्र नाही आला," तो पुटपुटला.

"प्रकाश, पी. गिळता येतंय तोवर पी!"

मान पुन्हा फिरली. पाकीट दाबताच चहा त्याच्या हनुवटीवरून ओघळला. गार्गी हुंदके देत होती. वर, खारफुटीच्या शेंड्यांवर, ऊन लखलखत होतं.

शैलाने त्याचं डोकं छातीशी घेतलं. सासूबाई फोनवर बोलायच्या तसा सांगलीचा हेल काढला.

"पक्या, आला रे चंद्र. अर्घ्य दिलं मी. ताट वाढलंय. ये, आधी घोटभर घे बघू."

आवळलेले दात सैल झाले. तिने थेंब थेंब सोडला. त्याने गिळला. आणखी एक. पुन्हा गिळला. ती बोलत राहिली : भात ऊन आहे, मोदक केलेत, तुझ्या वाटचे बाजूला काढलेत. पाकीट संपेपर्यंत ती बोलत राहिली.

बऱ्याच वेळाने प्रकाश म्हणाला, "गार्गीचा गुडघा फुटलाय."

गार्गी मोठ्याने रडायला लागली.

त्याने वर पाहिलं. उन्हामुळे डोळे बारीक केले. मग शैलाकडे बघितलं.

"खोटं बोललीस."

"हो. आणि तू?"

त्याने हनुवटीवरचा चहा पुसला. वाटेवर व्हॅनचा आवाज ऐकू येऊ लागला.

"पुढची संकष्टी मी धरते," शैला म्हणाली. तिचा आवाज अजून कापत होता, आणि त्यात राग होता. "मी उपाशी राहिले तर कुणाला दलदलीतून ओढावं लागत नाही."

"तुझा कुठे विश्वास आहे?"

"विश्वासाचं मी बघते. तू जेवायचं. माझ्यासमोर."

तिने दुसरं पाकीट त्याच्या हातात दिलं. त्याला नळी टोचता येईना. गार्गीने ते काढून घेतलं, नळी टोचली आणि परत त्याच्या हातात दिलं. तो प्यायला लागला. दोघी त्याच्या घशाकडे बघत बसल्या.