थेंब थांबेना

मित्रांनो, मी कुंडीतले एक जुने झाड आहे, आणि अजून धक्क्यातून सावरलेले नाही. माझी पाने जाड, तलवारीसारखी उभी असतात. त्यांतच मी पाणी साठवून ठेवते. माझ्या जातीला विसरले तरी चालते, असे लोक म्हणतात. मला त्यात कधी अपमान वाटला नाही.

मला एका आईने मातीच्या कुंडीत लावले. माती खडखडीत वाळली की ती एकदा पोटभर पाणी घाली आणि आपल्या कामाला लागे. त्या शिस्तीत मी उंच झाले. ती गेल्यावर घर आवरले गेले, भांडी-कपाटे वाटली गेली आणि तिच्या हातचे जिवंत असे मी एकटेच उरले. धाकटा मुलगा नोकरीसाठी दूरदेशी निघाला होता. जाताना त्याने मला बहिणीच्या स्वाधीन केले. "ताई, आईचं आता एवढंच आहे बघ," तो म्हणाला.

ताई अतिदक्षता विभागात परिचारिका होती. तिच्या हातून हेळसांड होणे शक्यच नव्हते, आणि तिथेच घोळ झाला. मातीची कुंडी बैठकीत बरी दिसेना, म्हणून तिने मला चिनी मातीच्या चकचकीत कुंडीत हलवले. त्या कुंडीला खाली भोक नव्हते. मग तिच्या दुहेरी पाळ्या सुरू झाल्या. आपण घरी नसताना झाड तहानेने मरेल, या धास्तीने तिने पडद्याच्या दांडीला सलाइनची रिकामी बाटली टांगली, त्यात नळाचे पाणी भरले आणि नळी माझ्या बुंध्याशी सोडली.

"आता याला दर दोन तासांनी कूस बदलायला लावू नकोस म्हणजे झालं," तिचा नवरा म्हणाला. ती हसलीसुद्धा नाही.

पहिला थेंब गार लागला. दुसरा पडला. मी तो थांबण्याची वाट पाहिली, पण थेंब थांबेना. आयुष्यभर तहान सोसलेल्या जिवाला पाण्याची भीती वाटावी, हे मला खरेच वाटत नव्हते. मुळांना श्वास घ्यायला मातीत जागा उरली नाही. एक पान पिवळे पडून बुडाशी मऊ झाले. ते पाहून ताईचा चेहरा उतरला. तिला वाटले, पाणी कमी पडते आहे. तिने नळीवरचे चाक फिरवून थेंब वाढवले. मी आतून किंचाळत होते. बाहेर फक्त आणखी एक पान वाकले.

एका सकाळी ती माझ्याशेजारी खाली बसली आणि थबकली. कुंडीतून वास येत होता. तो तिच्या ओळखीचा होता: वरून बांधलेल्या, आत चिघळत गेलेल्या जखमेचा. तिने नळी ओढून काढली, मला उपटले, कात्री उकळून घेतली आणि काळी, लिबलिबीत मुळे आणि कुजलेली पाने कापून टाकली. तो धक्का बुडण्याहून मोठा होता. जखमा सुकेपर्यंत मी उघडेवाघडे वर्तमानपत्रावर पडून राहिले. मला वाटले, हिने हात टेकले. पुढे तिने मला भोक असलेल्या लहानशा मातीच्या कुंडीत, वाळू मिसळलेल्या कोरड्या मातीत बसवले. पाणी मात्र दिले नाही.

त्याच आठवड्यात भावाने फोनवर झाड दाखवायला सांगितले. तिने फोन माझ्याकडे वळवला. माझे एकच पान उरले होते.

"बाकीचं कुठंय?"

"कापलं. पाणी जास्त झालं रे, माझ्याच हातानं."

त्याने हळूच विचारले, "जगेल का?"

"माहीत नाही. रोज सकाळी पाणी घालावंसं वाटतं, आणि मी घालत नाही. एवढंच करतेय."

महिनाभराने तिने मला बेताने पाणी द्यायला सुरुवात केली, आणि आज माझ्या बुडाशी मातीखाली एक हिरवे टोक वर सरकते आहे. ताईला ते अजून दिसलेले नाही. कामावरून आली की ती मातीत बोट खुपसते, ओल लागली तर भरलेला तांब्या तसाच परत नेते, आणि माझा जीव भांड्यात पडतो. मित्रांनो, आम्हाला तोंड नाही, पण माती आहे. तुमची माया उतू जाऊ लागली, की आधी मातीत बोट घालून विचारा.