तीनशे किलोंच्या स्प्रिंगा

अवोन्डेलचा रविवारचा बाजार दुपारपर्यंतच असतो, हे देवव्रतला माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं. तरीही बाजारातल्या मेथीच्या जुड्या संपत येण्याच्या वेळेला हा गृहस्थ ग्लेन ईडनच्या घरासमोर गाडीखाली आडवा पडलेला होता आणि बाहेर फक्त त्याचे जॅन्डल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, घातलेले पाय दिसत होते.

"पाच मिनिटं गं," गाडीखालून आवाज आला. "एकच बोल्ट राहिलाय."

मृणालिनीने हातातल्या कापडी पिशव्या बॉनेटवर आपटल्या. हा एकच राहिलेला बोल्ट ती गेले कित्येक रविवार ऐकत होती. मागे पायरीवर तिच्या सासूबाई, वसुंधराबाई, स्वेटर घालून पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या सारख्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या, आणि मृणालिनीला त्याचीच जास्त धास्ती वाटत होती.

कारण वसुंधराबाई पुण्याहून इथे परदेशात, मुलाकडे, आल्या होत्या त्या राहून बघायला. सासरे गेल्यापासून त्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकट्याच होत्या. आता कायमचं इथेच ये, म्हणून देवव्रत मागे लागला होता. "आधी राहून बघते, मग सांगते," असं म्हणून त्या आल्या. जूनमध्ये व्हिसाची मुदत संपायच्या आत त्यांना काय ते ठरवायचं होतं. आणि कुणाला खरं वाटो न वाटो, त्या राहाव्यात असं मुलापेक्षा सुनेला जास्त वाटत होतं. मृणालिनी हॉस्पिटलात नर्स. ड्यूटी संपवून घरी आली की वसुंधराबाई चहाचं आधण ठेवत विचारायच्या, "आज कोण कोण बरं होऊन घरी गेलं गं?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा प्रश्न देवव्रतला एकदाही सुचला नव्हता.

बाकी आठवडाभर त्या घरात वसुंधराबाईंना करमण्यासारखं काय होतं? खिडकीतून बघावं तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. रविवारचा बाजार तेवढा त्यांचा. तिथे माणसं होती, आरडाओरडा होता, पायाखाली चिखल होता. अळकुड्या विकणारी मेले नावाची, टोंगा बेटांवरची, एक बाई होती, तिच्याशी त्या बिनदिक्कत मराठीत बोलत आणि ती खदाखदा हसत पिशवीत एखादी अळकुडी जास्तीची टाके. मुख्य म्हणजे मुलगा पिशव्या घेऊन शेजारून चालायचा. पुण्यात असताना त्याने कधी भाजीची पिशवी उचलली नव्हती.

मग ते लिफ्टचं, म्हणजे गाडी उंच करून घेण्याचं, खूळ आलं.

छोटी गाडी विकून देवव्रतने जुनी फोर-बाय-फोर घेतली होती. तोवर ठीक होतं. पण शुभम नावाचा त्याचा एक मित्र होता, शनिवार-रविवार डोंगरात चिखल तुडवत गाड्या हाकणाऱ्यांच्या क्लबातला. त्याने गाडीकडे एकदा पाहून मान हलवली. "खालून घासणार रे ही. सस्पेन्शन बदल, थोडी उचलून घे." झालं! रात्रंदिवस व्हिडिओ सुरू झाले. जेवताना शॉक ॲब्सॉर्बर, दात घासताना शॉक ॲब्सॉर्बर.

दुकानदाराने सरळ प्रश्न विचारला होता, की गाडीवर कायमचं वजन किती असेल? नुसती माणसं असतील तर या स्प्रिंगा, थोडं सामान असेल तर या, आणि तीनशे किलो कायम लादलेले असतील तर या सगळ्यात कडक. गाडीवर कायमचं वजन म्हणाल तर एक छत्री आणि टिश्यूचा डबा. पण देवव्रतने तीनशे किलोंच्या घेतल्या.

"पुढे बुलबार येणार आहे," तो मृणालिनीला समजावून सांगू लागला. बुलबार म्हणजे गाडीच्या नाकापुढचा लोखंडी कठडा. "मग चिखलातून ओढून काढायला विंच. वर रॅक, मागे ड्रॉवर. तेव्हा परत कुठे बदलत बसायच्या? एकदाच काय त्या चांगल्या घेऊन ठेवू."

"आणि ते सगळं कधी येणार आहे?"

"येईल की हळूहळू."

वसुंधराबाईंनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "मीच लावलेलं वळण हे," त्या सुनेला हळूच म्हणाल्या. "शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यायचे ना मी. पाचवीत शिवलेली पँट आठवीपर्यंत पुरवली याने."

मुलाचं अंग निदान वाढत तरी होतं. गाडी होती तेवढीच राहिली, आणि त्या कडक स्प्रिंगांवर रिकामी गाडी अशी काही ताठ उभी राहिली की मृणालिनीला प्रथम आपलं घर बुटकं झाल्यासारखं वाटलं. वसुंधराबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झालेली. त्यांनी दार उघडलं, सीटकडे पाहिलं, आणि दार परत लावलं.

"स्टूल आणतो," देवव्रत म्हणाला.

स्टूल आलं. ते डुगडुगलं. मग दोन पायऱ्यांची घडीची शिडी आली, मग धरायला दांडा आला, मग पार्सलने बाजूच्या पायऱ्या आल्या. त्या बसवायला घेतल्यावर कळलं की त्या दुसऱ्याच मॉडेलच्या आहेत. दर वेळी एक नवी वस्तू, दर वेळी एक रविवार. एकदा कसंबसं चढवून बाजारापर्यंत नेलं, तर प्रत्येक स्पीड-ब्रेकरला वसुंधराबाई सीटवरून उडत होत्या. "अगं, बैलगाडीत बरं होतं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि संध्याकाळी कंबरेला शेक घेत बसल्या. नंतर गाडी तपासणीत नापास झाली. इतकी उंची चालत नाही, चालवायची असेल तर इंजिनिअरचं वेगळं सर्टिफिकेट आणा, असं तपासणीवाल्याने बजावलं.

एखाद्याने इथे हात टेकले असते. देवव्रत हार्डवेअरच्या दुकानातून वाळूची पोती घेऊन आला.

"वजन पडलं की बसेल ती खाली," मागच्या भागात पोती रचत तो म्हणाला. "स्वीट ॲज! एकदम झकास!"

"देवव्रत, त्या स्प्रिंगा काढ आणि जुन्या बसव."

"जुन्या शुभमला देऊन टाकल्या."

"माग परत."

"असं कसं मागायचं? क्लबात काय म्हणतील? आणि बुलबार आला की आपोआप जमणारच आहे गं."

म्हणजे आई गाडीत बसावी म्हणून गाडीत वाळू बसणार होती आणि भाजी ठेवायला जागा उरणार नव्हती. एवढं करून गाडी मागून तेवढी बोटभर बसली आणि नाक वर करून उभी राहिली. मृणालिनी घरात गेली आणि उशीत तोंड खुपसून जोरात ओरडली. त्याने थोडं बरं वाटलं.

तर त्या जॅन्डल्सवाल्या रविवारी, राहिलेल्या एका बोल्टची वाट न बघता, ती सासूबाईंना घेऊन बस-स्टॉपवर गेली. बस आली, थांबली, आणि ड्रायव्हरने वसुंधराबाईंना पाहून कसलंसं बटण दाबलं. फुस्स आवाज करत एवढी मोठी बस त्यांच्या बाजूला कलली आणि दार फुटपाथला टेकलं.

"अगंबाई!" वसुंधराबाई म्हणाल्या. "माझ्यासाठी?"

"किया ओरा, डार्लिंग," ड्रायव्हर इकडच्या पद्धतीने नमस्कार करत म्हणाला. "टेक युअर टाइम."

बाजारात मेले भेटली. मेथी मिळाली नाही, पण कोथिंबीर मिळाली. मृणालिनीला वाटलं, जमलं. परतताना दोघी खुशीत होत्या. घराच्या कोपऱ्यावर वळल्या तर गाडीखालून तेच पाय तसेच बाहेर आलेले. वसुंधराबाई थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळताना मृणालिनीने पाहिलं.

"इतक्या लांब काय मुलाचे पाय बघायला आले का गं मी?" त्या म्हणाल्या.

मृणालिनीने त्यांना आत पाठवलं. मग गाडीखाली वाकून तिने देवव्रतला सांगितलं, आई दुखावल्यात, भाजीचा प्रश्नच नाहीये, तू त्यांच्याबरोबर नाहीयेस हा प्रश्न आहे. देवव्रतला खरंच वाईट वाटलं. आणि वाईट वाटल्यावर त्याने काय केलं? आणखी एक मोठा दांडा मागवला.

पुढच्या रविवारी त्याने आईला स्वतः बाजारात न्यायचं ठरवलं. वसुंधराबाईंनी एका हाताने दांडा धरला, एक पाय शिडीवर ठेवला, आणि दुसरा उचलताना गुडघा अडकला. ना वर, ना खाली. "अगं चढशील, चढशील!" म्हणत देवव्रतने मागून दोन्ही हात लावले आणि गोणी चढवावी तसं आईला वर ढकललं. समोरच्या घरातले आजोबा गवत कापता कापता मशीन थांबवून बघत राहिले. वसुंधराबाईंची चप्पल खाली पडली, पर्स उघडून सुटे पैसे विखुरले. त्या सीटवर अर्ध्या आडव्या पडल्या होत्या, आणि लाजेने त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"मला खाली उतरव," त्या म्हणाल्या.

"अगं पण चढलीस की तू!"

"देवू, उतरव मला."

उतरून, चप्पल न घालताच त्या आत गेल्या आणि त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. मृणालिनीच्या तोंडाचा पट्टा तेव्हा जो सुटला तो आवरेना. "लाज वाटते का रे? वॉर्डात मी परक्या माणसांनाही असं उचलत नाही, आधी विचारते! तुझा बुलबार, तुझं विंच, ज्या गोष्टी अजून आल्याच नाहीत त्यांच्यासाठी तू गाडी तयार करून ठेवलीस. आणि जे माणूस आलंय, घरात बसलंय, त्याला बसायला जागा नाही! आज, आत्ता, शुभमकडे जा."

देवव्रत गेला. शुभमने जुन्या स्प्रिंगा गॅरेजच्या कोपऱ्यातून काढून हसत दिल्या. तो क्लबात कुणाला काही सांगणारही नव्हता. इतके दिवस नुसतं एकदा विचारायचं बाकी होतं.

मंगळवारी ऑफिसला रजा टाकून देवव्रतने सगळं परत जसंच्या तसं केलं. मृणालिनी दुपारी ड्यूटीवरून आली तेव्हा गाडी माणसांत आल्यासारखी खाली बसली होती. शिडी, स्टूल, पोती, सगळं एका बाजूला रचलेलं होतं आणि देवव्रत कोपरापर्यंत काळा झाला होता. त्याचा चेहरा इतका खूश होता, की तिचा राग पुष्कळसा ओसरला. उशिरा का होईना, केलं, असं तिला वाटलं. आता सगळं ठीक होईल.

"आई! बाहेर ये, बघ!"

वसुंधराबाई बाहेर आल्या. त्यांनी पुढचं दार उघडलं, सीटवर टेकल्या, आणि दोन्ही पाय आत घेतले. कुणाचा हात लागला नाही. सीटवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "छान झालं. दमलास ना रे? बरं केलंस खाली आणलीस ते. विमानतळावर जाताना मला सोपं पडेल."

"कुठल्या विमानतळावर?"

"काल रात्री सुलेखाला फोन केला मी. फ्लॅट झाडून ठेवते म्हणाली." सुलेखा म्हणजे त्यांची धाकटी बहीण.

"अगं पण आता तर झालं ना सगळं! रागावलीस का अजून?"

"नाही रे बाबा." त्यांच्या आवाजात राग नव्हताच, आणि तो नव्हता म्हणून मृणालिनीला जास्त भीती वाटली. "तू वाईट नाहीस, देवू. पण मला चढता येत नाही, एवढं दिसायला तुला उन्हाळा संपवावा लागला. उद्या मला अंथरुणातून उठता आलं नाही, तर ते दिसायला किती दिवस लावशील?"

देवव्रत काळे हात पँटला पुसत राहिला. मृणालिनीने मागचं दार उघडलं, आत बसली, आणि तिला एकदम रडू फुटलं.

"आई, नका ना जाऊ," ती म्हणाली. "मला तुम्ही हव्या आहात हो."

वसुंधराबाईंनी मान न वळवता हात मागे केला. मृणालिनीने तो दोन्ही हातांत घट्ट धरला. देवव्रत बाहेर तसाच उभा होता. ये म्हणून त्याला कुणी म्हणालं नाही, आणि दार उघडून आत बसावं, हे त्यालाही सुचलं नाही.