बाबांचा स्फटिक

"हळू! दार हळू लाव!" बाबा बाहेरच्या खोलीतून ओरडले.

"फ्रिज आहे की बाळंतिणीची खोली?" आई म्हणाली. पण दार तिने हळूच लावलं.

फ्रिजमध्ये, दुधाच्या मागे, बोटाएवढ्या बाटलीत बाबांचा स्फटिक वाढत होता. धक्का लागला की बिघडतो, म्हणून दोन महिने आम्ही बर्फसुद्धा काढला नव्हता.

बाबा विद्यापीठात क्ष-किरण यंत्रावर तंत्रज्ञ होते. संशोधकांनी आणलेला स्फटिक मोजायचा आणि जगभरच्या स्फटिकांच्या डेटाबेसमध्ये तो आधी कुणी नोंदवलाय का, ते शोधायचं. बत्तीस वर्षांत शेकडो स्फटिक त्यांच्या हातून तिथे गेले, नावं संशोधकांची. निवृत्तीबरोबर डेटाबेसही त्यांना बंद होणार होता. त्याआधी एक नोंद स्वतःच्या नावावर हवी होती.

शेवटच्या दिवशी मी गाडी चालवली, बाटली त्यांच्या मांडीवर. मागून हॉर्न वाजत होते.

"वाजवू देत," बाबा म्हणाले. "त्यांच्याकडे कुठे स्फटिक आहे?"

मोजणी झाली. एका विद्यार्थिनीने आकडे डेटाबेसमध्ये घातले. "काका, शून्य! कुणीच केलेला नाही. पार्टी पाहिजे!"

बाबा चष्मा पुसत राहिले. तोच स्फटिक कुणी वेगळ्या बाजूने मोजला असेल तर आकडे वेगळे येतात आणि शोध हुकतो. हे न तपासणाऱ्यांना ते फैलावर घेत.

"बाजू बदलून बघ."

"जाऊ द्या ना काका. कोण बघतंय?"

"तुझा असता तर मी जाऊ दिला असता?"

तिने आकडे बदलले. एक नोंद आली. एकोणचाळीस वर्षांपूर्वीची, कुठल्याशा परदेशी बाईंची.

बाबांनी ती सावकाश वाचली. "मोजलाय मात्र झकास," ते म्हणाले आणि वहीत 'नवीन नाही' लिहून सही केली.

घरी बाबांनी आईला सांगितलं. तिने फ्रिजचं दार दोनदा आपटलं.

बाबांनी त्या बाईंना अभिनंदनाचं पत्र पाठवलं. उत्तर आलं तेव्हा बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: इतक्या वर्षांत माझ्या त्या स्फटिकाची चौकशी करणारे तुम्ही पहिलेच. पाकिटावर बाबांच्या नावाआधी 'डॉक्टर' होतं.

"त्यांना कळवायला हवं," मी म्हणाले. "बाबा डॉक्टर नव्हते, हे. आणि बाकीचंही."

आईने पाकीट माझ्या हातातून घेतलं.

"बाकीचं कळव," ती म्हणाली.